चिखलदऱ्याहून किती वाजता निघालात

पांढुर्णा
३ एप्रिल २०२५

चि. सुमेध,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता उर्वशीकडून लिहून घेतला आहे. तुझा बुटीबोरीचा पत्ता तुझ्या बहिणीनं दिला, तोही फार विनवल्यावर. रूपालीवर रागावू नकोस.

तुझा पाय कसा आहे? रॉड काढला का?

मला पत्रं लिहायची सवय नाही. शिक्षण बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत झालं, पण आयुष्यात लिहिले ते अर्जच. म्हणून सरळ कामाचं लिहितो.

आमच्या भूपेंद्रचा फोन ठाण्यातून परत मिळाला तेव्हा काच फुटलेली होती. वर्षभर तो कपाटात पडून होता. मागच्या आठवड्यात उर्वशीनं काच बदलून आणली. तिच्या भावाच्या फोनचं कुलूपही तिलाच माहीत होतं. त्यात गेल्या वर्षीच्या चौदा जानेवारीचे, म्हणजे तुम्ही दोघे तुझ्या मोटरसायकलवर चिखलदऱ्याला गेलात त्या दिवसाचे, सत्तेचाळीस फोटो आहेत. फोटो मी सर्वांना दाखवले. फोनमधलं बाकी काही कोणाला पाहू दिलं नाही.

शेवटचा फोटो तीन वाजून पन्नास मिनिटांचा आहे. त्यानंतर काही नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास घाटात गाडी कठड्यावर आदळली, तुझा पाय मोडला आणि भूपेंद्र गेला, हे पंचनाम्यात आहे. मधल्या दोन तासांचं कुठेच काही नाही.

तर एवढंच विचारायचं आहे. तुम्ही चिखलदऱ्याहून किती वाजता निघालात? अंदाजे चालेल. साडेचारच्या आधी की नंतर, एवढं कळलं तरी पुरे.

तुला वाटेल, आता विचारून काय उपयोग. यंदा अक्षय तृतीयेला भूपेंद्रला पितरांत मिळवायचं आहे. वर्ष उलटून गेलं. त्याच्या वयाचा कोणी त्याच्या जागी पाटावर बसवून जेवू घालावा लागतो. तुझ्या काकूनं, भूपेंद्रच्या आईनं, तिच्या भाच्याला, योगेशला, सांगून ठेवलं आहे. त्याआधी मला त्या दिवसाचा सगळा हिशेब मनात नीट लावायचा आहे, बाकी काही नाही.

लोक तुला वाईट बोलले. तेरवीच्या दिवशी मांडवात जे झालं ते मी थांबवू शकलो नाही. गर्दी फार होती.

उत्तर पाठव.

नत्थूजी


पांढुर्णा
१३ एप्रिल २०२५

चि. सुमेध,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली आणि शुक्रवारी स्वतःच चिखलदऱ्याला जाऊन आलो. घरी सांगितलं की परतवाड्याला कलमं पाहायला जातो.

बासष्ट वर्षं झाली, तो पहाड इथून चार तासांवर आहे आणि मी कधी गेलो नव्हतो. संत्र्याचा बगीचा सोडून जायचं कधी झालंच नाही. वरूडची पहिली गाडी धरली, तिथून परतवाडा, तिथून वर. घाटात खिडकीची जागा मिळाली, दरीकडची. कठड्याची ती जागा आली तेव्हा कंडक्टर कोणाशी तरी हसून बोलत होता. तिथे आता पिवळा-काळा रंग दिलेला नवा पत्रा आहे. गाडी थांबवा म्हणणार होतो. म्हणालो नाही.

वर हवा थंड होती. एप्रिलमध्ये अंगावर उपरणं घ्यावं लागलं. परीक्षांचे दिवस, त्यामुळे फिरणारे कमी. मी फोन हातात घेऊन फोटोंच्या ओळीनं जायचं ठरवलं होतं. आधी किल्ला. गाविलगडाच्या दाराशी चिंधू नावाचे एक गाईड भेटले, वय माझ्याएवढंच.

"इथं दोन परकारचे लोक येते," ते म्हणाले. "एक किल्ला पाह्याले, अन् एक घरच्याइले चुकवून. तुमी कोनत्यातले जी?"

"पाहायला आलो."

"एकटेच? मंग दुसरा सवालच नाही. चला."

दरवाजावर दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे, चोचीत आणि पायात हत्ती धरलेला. फोटो क्रमांक चारमध्ये भूपेंद्र त्याच्या खाली दोन्ही हात पंखांसारखे पसरून उभा आहे आणि पायाशी तुझी सावली पडली आहे. सत्तेचाळीस फोटोंत तू एकाच ठिकाणी दिसतोस. बाकी सगळीकडे सावली, नाहीतर बोट. मी त्याच जागी उभा राहिलो. चिंधूंनी विचारलं, "तुमचा काढू का?" मी नको म्हणालो.

त्यांनी किल्ल्याची सगळी कथा सांगितली. आधी गवळ्यांची मातीची गढी, मग बहामनी, मग इमादशाही, निजाम, भोसले. इंग्रजांनी अठराशे तीन साली बाहेरची भिंत तोफांनी पाडली. आतली भिंत काही पडेना. मग एक तुकडी दरीतून चढली, भिंत ओलांडली आणि दार आतून उघडलं. "किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला," चिंधू म्हणाले, "अन् पाहा, ह्या एवढ्या मोठ्या तोफा तशाच राहिल्या. कोनी उचलल्याच नाही." तोफेवर मुलांनी खडूनं नावं लिहिली आहेत. मी तुमची शोधली. नव्हती. बरं वाटलं.

तळ्यांत शेवाळ आहे. मशिदीच्या कमानीतून खाली मेळघाट दिसतो, एकामागे एक डोंगर, मागचा फिका होत जाणारा. फोटोत तो चांगला आला नाही. भूपेंद्रनं पाच वेळा काढला आहे, पाचही वेळा तसाच.

नंतर भीमकुंड. चिंधू तिथवर आले. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं आणि या पाण्यात हात धुतले, म्हणून गावाचं नाव कीचकदरा. "पावसात येजा जी, पान्याचा आवाज अर्ध्या कोसावर येते. आता नुसता दगड हाये." मी कठड्याशी बसून फोनमधलं भीमकुंड काढलं. चिंधू जवळ येऊन बसले. ते म्हणाले, "पोरगा गेला का तुमचा?" मी विचारलं, कसं कळलं. म्हणाले, "फोटोत पाहू पाहू कोनी पहाड पाहात नाही."

कॉफीच्या बागेत मी एकटा गेलो. भूपेंद्रनं कॉफीच्या पानाचे, खोडाचे, मुळाशी टाकलेल्या पाल्याचे नऊ फोटो काढले आहेत. मोठ्या झाडांच्या सावलीत ती लावलेली आहेत. आपल्याकडच्या जमिनीत असं काही होणार नाही, हे त्याला कळत होतं. तरी पाहत राहिला. इतकी वर्षं मी समजत होतो की त्याला झाडांचा कंटाळा आहे.

शेवटी देवी पॉइंट. दगडाच्या पोटातलं देऊळ, ओल, आणि बाहेर एकदम दरी. तिथे सुधाबाई म्हणून एक बाई चहाचा ठेला चालवते. मी फोटो दाखवला. तिनं हात पदराला पुसून फोन घेतला.

"ह्याले कशी भुलीन बापा! ह्याले अन् त्या दुसऱ्याले. दुसरा तं मागून कुबड्या घेऊन आला होता एक खेप. दिवसभर बसला इथं, त्या बाकड्यावर. काही बोलला नाही, काही मागितलं नाही. मीच चहा ठेवत गेली."

तू तिथे परत गेला होतास हे मला माहीत नव्हतं.

ती आणखी बरंच बोलली. सगळं इथे लिहीत नाही. मी पाचच्या गाडीनं उतरलो आणि रात्री परतवाड्याला धर्मशाळेत राहिलो.

माझा प्रश्न तोच आहे. किती वाजता?

नत्थूजी


पांढुर्णा
२२ एप्रिल २०२५

सुमेध,

काल उर्वशीच्या फोनवर तुझा निरोप आला. तिनं मला वाचून दाखवला. मग मी फोन घेऊन स्वतः वाचला. "काकांना सांग, आम्ही सव्वाचारलाच निघालो होतो. नंतर कोणी फोन केला असता तरी तो रस्त्यात वाजला असता, आम्हाला ऐकू आला नसता."

मी पहाडावर गेलो नसतो तर या दोन ओळींवर उरलेलं आयुष्य काढलं असतं. तू मला तेवढं देऊन टाकलंस. पण सुधाबाईनं मला सगळं सांगितलं आहे, सुमेध. आता तिचं बोलणं लिहितो, म्हणजे तुला पुन्हा खोटं बोलावं लागणार नाही.

ती म्हणाली, "दोघायनं मले इचारलं, मावशी, रातभर राहाले खोली भेटन का? मी माह्या भावाची खोली दाखवली. बॅगा ठेवल्या होत्या आत. हातपाय धुतले. मंग ह्या पोट्ट्याले फोन आला. फोन ठेवला अन् तोंडच उतरलं त्याचं. म्हने, पप्पा पान्यासाठी थांबून राहिले, जा लागते. दुसरा म्हने, येडा झाला का, अंधार पडते घाटात, सकाळी जाऊ. मस्त तासभर भांडले. मले तं हसू येत होतं, नवरा-बायकोवानी भांडून राहिले म्हनून. मंग तो दुसरा म्हने, जातच असशीन तं गाडी मी चालवतो, तुह्या डोक्यात आता राग हाये. पाचची गाडी निंगून गेली होती. सव्वापाच झाले असन."

म्हणून गाडी तुझ्या हातात होती.

मी त्या दिवशी तीनदा फोन केला. एकला, तीनला, आणि चार वाजून दहा मिनिटांनी. आंबिया बहाराच्या संत्र्याच्या झाडांना आपण डिसेंबरपासून पाणी तोडतो, तुला माहीत आहे. तू आमच्या बगीच्यातच खेळून मोठा झालास. झाड ताणावर बसतं, पानं वळतात, आणि ठरल्या दिवशी पाणी सोडलं की फूल धरतं. आमच्या घरी ताण भोगीच्या दिवशी, त्या वर्षी चौदा जानेवारीला, तुटतो आणि पहिलं पाणी घरातल्या थोरल्या मुलानं सोडायचं. मी माझ्या वडिलांसमोर सोडलं, त्यांनी त्यांच्या. एक दिवस मागेपुढे झाल्यानं झाडाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते बापाचं. मोटरची लाईन रात्री दहाला येणार होती. मी चार दहाला त्याला म्हणालो, "नवापर्यंत तू बांधावर दिसला नाहीस तर पुन्हा बगीच्यात पाय ठेवू नकोस. वाळू दे सगळं." तो म्हणाला, "येऊन राहिलो पप्पा." बस.

एवढं तुला माहीत होतं. तू त्याच्या शेजारीच होतास. पंधरा महिने तू हे कोणाला सांगितलं नाहीस. पोलिसांना नाही, तुझ्या आईला नाही.

आता जे तुला माहीत नाही ते सांगतो.

साडेचारला मी बगीच्याच्या रस्त्यावर उभा होतो. श्रावण लाईनमन गाडीवरून आला आणि न थांबताच ओरडला, "काका, डीपी जळली! दोन रोज लाईन इसरून जा." म्हणजे रात्री वीज नाही, मोटर नाही, पाणी नव्हतंच. भूपेंद्रनं यायची काही गरज नव्हती. फोन माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. मी तो काढला. त्याचं नाव समोर आणलं. आणि माझ्या मनात आलं, येऊ दे धावत. बाप सकाळपासून थांबला आहे, त्याला एवढं तरी कळू दे. मी फोन परत खिशात ठेवला आणि घरी येऊन चहा प्यालो.

साडेचार ते सव्वापाच. पाऊण तास. तुम्ही तिथेच होतात. बॅगा खोलीत होत्या.

म्हणून मी तुला वेळ विचारत होतो. तू साडेचारच्या आधी निघालो म्हणाला असतास तर मी सुटलो असतो. तसं तू म्हणालासही.

ठाण्यात मी बयान दिलं की मुलाला कसलीच घाई नव्हती, घरी कोणी वाट पाहत नव्हतं, सुमेधला गाडी जोरात चालवायची सवय आहे. तुझ्यावरचा खटला त्या बयानावर उभा आहे. तेरवीला मांडवात गर्दी होती म्हणून मी थांबवू शकलो नाही, असं पहिल्या पत्रात लिहिलं. तेही खोटं. सुरुवात मी केली. तू कुबडी टेकत पाया पडायला आलास, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "त्यालाच विचारा, गाडी कोणाच्या हातात होती." माझ्या मेहुण्यानं तुझी गचांडी धरली. कोणीतरी तुझी कुबडी लाथेनं उडवली. तुझ्या वस्तीवरून, तुझ्या जातीवरून जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, पण मी ते बसून ऐकलं. त्या मांडवात दुसऱ्या कोणाचा मुलगा असता तर इतक्या सहज त्याच्या अंगाला हात लागला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं. मला त्याचा उपयोग झाला.

दोन दिवसांनी लाईन आली. पाणी मेहुण्यानं सोडलं. त्या वर्षी बहार असा फुटला की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

तीजेला, अक्षय तृतीयेच्या पानावर, मी घरी सांगणार आहे. त्याआधी तुला कळावं म्हणून लिहिलं.

नत्थूजी


पांढुर्णा
३ मे २०२५

सुमेध,

तीज झाली.

पाटाभोवती रांगोळी काढली होती. नवी घागर, तिच्यावर खरबूज, पत्रावळीवर पुरणपोळी, वडे, कुरडया, आंब्याचा रस. योगेश नवा सदरा घालून बसला. काकूनं त्याला गंध लावलं. मेहुणे, त्यांची बायको, उर्वशी, भावकीतले सहा-सात जण. मी म्हणालो, "वाढायच्या आधी मला बोलायचं आहे." आणि जे तुला लिहिलं तेच सांगितलं. सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मेहुणे म्हणाले, "जीजाजी, आज हे कायले काढून राहिले?"

काकूनं मला विचारलं, "साडेचारले तुमी रस्त्यावर होते?"

"हो."

"फोन जवळ होता?"

"खिशात."

"घरी येऊन तुमी मले चहा मांगतला होता. मी इचारलं होतं, भूपेंद्र निंगाला का. तुमी काय म्हनलं?"

मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

"तुमी म्हनलं, येईन, त्याले कोनती घाई आहे."

मग ती योगेशला म्हणाली, "जेव बाळा, रस गरम होईल." तिनं स्वतः वाढलं, घास घास करून आग्रह केला, पान उचललं, घागर दान दिली. मला कशालाच हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती भावाकडे लोधीखेड्याला गेली. कपडे सगळे नेले आहेत.

त्याच दिवशी मी तुझ्या घरी गेलो. तुझे वडील नळाच्या ड्युटीवरून आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. तुझी आई आतून ऐकत होती. शालिकरामजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "नत्थूजी, हे तुमी मले सांगाले आले, की मोकळं व्हाले?"

मी हात जोडले.

"मोकळं व्हाचं असन तं घरी नका येऊ. माह्या पोराचं नाव पंधरा महिने चौकात होतं. रूपालीची सोयरीक त्या चौकातच मोडली. तिथं जाऊन सांगा."

आतून सुशीलाबाई म्हणाल्या, "पानी तं देऊ का त्याइले?" ते म्हणाले, "दे. प्यायले तं." मी प्यालो.

काल सकाळी दहाला मी चौकात गेलो. राजूच्या हॉटेलसमोर नेहमीची मंडळी होती, पंधरा-वीस तरी. मी उभं राहून सांगितलं. आवाज बसला तेव्हा पाणी पिऊन पुन्हा सांगितलं. फोनच्या वेळा सांगितल्या, श्रावणचं नाव सांगितलं.

पुढे काय झालं ते तुला कळलंच पाहिजे, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

राजूनं मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "काका, उन्ह लय आहे, बसा." कोणीतरी माझ्या पाठीवर हात फिरवला. मग एक जण म्हणाला, "पाहा बरं, केवढं मन आहे! स्वतःचा पोरगा गेला अन् दुसऱ्याच्या पोराचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राहिले." दुसरा म्हणाला, "खटला चालू आहे ना, त्याले वाचवाले." मी ओरडलो, मी खोटं बोलत नाही, तेव्हा खोटं बोललो होतो. ते माना हलवत राहिले. श्रावण तिथेच होता. तो म्हणाला, "डीपी जळली होती, खरं आहे, पण काका, त्यानं काय होते?" एका म्हाताऱ्यानं माझे पाय धरले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बाजारभर झाली. देवळात लोक मला जागा करून देतात. काल चहाचे पैसे कोणी मला देऊ दिले नाहीत.

तुझ्याबद्दल ते आता आधीपेक्षा वाईट बोलतात, की म्हाताऱ्याला असं करायला लावलं.

या गावात माझ्यावर विश्वास ठेवला तो फक्त काकूनं.

आज वकिलाकडे जाऊन मी शपथपत्र केलं. तीन फोन, त्यांच्या वेळा, डीपी, न केलेला फोन, ठाण्यातलं खोटं बयान, मांडवातलं वाक्य, सगळं माझ्या अक्षरात आहे. वकील म्हणाले, काही गोष्टी कोर्टाला लागत नाहीत, गाळा. मी गाळल्या नाहीत. जूनच्या तारखेला मी कोर्टात हेच बोलणार आहे. तिथे पाय धरणारं कोणी नसेल.

एक प्रत कोर्टात जाईल. दुसरी सही-शिक्क्यासह या पत्रासोबत रजिस्टर्ड पोस्टानं पाठवतो आहे. तू ये, असं मी म्हणत नाही. मला माफ कर, असंही नाही. पण मी आता फार दिवसांचा नाही, आणि मी गेल्यावर या गावात माझ्याबद्दल खूप चांगलं बोललं जाईल. शोकसभा होईल. कधीतरी कोणी तुझ्यासमोर माझ्या मोठ्या मनाची गोष्ट काढेल. तेव्हा वाद घालू नकोस. हा कागद त्याच्या हातात दे, मोठ्यानं वाचायला सांग, आणि वाचून झाला की परत मागून घे.

नत्थूजी